तुराटी, ताक आणि दोन वाजताची परीक्षा

परीक्षा लातूरला होती, दुपारी दोनला. टायपिंगचं मशीन चौदा किलोचं होतं आणि ते माझ्या मांडीवर होतं. जीप माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती. तिच्यात आम्ही चौघं होतो. पुढं ड्रायव्हर व्यंकटीकाका आणि माझे वडील महादेवप्पा, म्हणजे अप्पा, मागं मी आणि अप्पांची थोरली बहीण, गुरम्मा आत्या.

लातूर जिल्हा नवीन झाला होता. नवीन जिल्हा म्हणजे नवीन कचेऱ्या, नवीन टेबलं आणि टेबलामागं बसून टाइप करायला नवीन माणसं. मला आलेल्या पत्रात लिहिलं होतं: उमेदवाराने मराठी टंकयंत्र स्वतः आणावे. उशिरा येणाऱ्यास बसू दिले जाणार नाही.

मशीन टायपिंगच्या सरांनी उसनं दिलं, एका अटीवर. ते एसटीच्या टपावर चढणार नाही. मी म्हणाले, मांडीवर घेते. सर म्हणाले, अहमदपूर-लातूर गाडीत मांडी कुठून आणशील, उभं राहावं लागतं. म्हणून जीप.

अप्पांनीही एक अट घातली होती. नोकरी लागली तर लग्नाचं दोन वर्षं थांबवतो, नाही लागली तर उदगीरच्या तंबाखूवाल्यांना होकार कळवतो. मुलगा वाईट नव्हता. पण तो बघायला आला तेव्हा त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता, शिंका येतात का.

तर जीप. दिवाळीपासून तिला एक रोग लागला होता. दहा-बारा किलोमीटर झकास पळायची, मग दम टाकायची. ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर नाही, मग आचके, मग खोकला, मग शांत. थोडी खटपट केली की पुन्हा पहिल्यासारखी. अप्पांनी तिला तीनदा नांदेडला नेलं. तिथला मिस्त्री आधी टाकीतलं पेट्रोल डब्यात काढून घेई, मग कार्बोरेटर खोले, मग जीप गावभर फिरवून आणी आणि म्हणे, "अप्पा, इंजन एकदम चंगा है. बीमारी तुमारे दिमाग में है." तिसऱ्या खेपेला अप्पांनाही तसं वाटायला लागलं आणि त्यांनी दोन दिवस डोक्याला तेल लावून घेतलं.

नऊ वीसला अहमदपूरहून निघालो. अप्पा मागं वळून मला धीर देत होते.

"रुद्रा, तू कायबी फिकीर करू नको. ही गाडी म्हंजे काय साधी हाय का? हिनं माहूरचा घाट चढला. उस्मानाबादची कोर्ट-कचेरी केली. लई काय सांगू, एकदा नांदेडहून निघालो तर ही गाडी मधी कुठंच न थांबता एका दमात पार—"

कागद १

नऊ पन्नास. शिरूर ताजबंदच्या अलीकडे. गाडीने दम टाकला. सरांनी सांगितले आहे की परीक्षेच्या दिवशी बोटे गार पडू देऊ नये, म्हणून समोर दिसेल ते टाइप करीत आहे. चालत्या जीपमध्ये टाइप होत नाही. व्यंकटीकाकांनी टाकी उघडली, सूं आवाज, तुराटी बुडवली. पेट्रोल वीतभर आहे. टाकी लावली. अप्पा म्हणतात पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. अप्पांनी वास घेतला. व्यंकटीकाकांनी घेतला. आत्याने घेतला, तिला शिंक आली. तंबाखूवाल्यांनी नापास केली असती. प्लग पुसले. आत्याने लिंबू ओवाळले. दहा पंचवीसला सुरू. अप्पा म्हणतात प्लग. आत्या म्हणते लिंबू. आत्याने टोपणाला विभूती लावली.

"—भोकरपर्यंत गेली," अप्पांनी वाक्य पुरं केलं.

तुराटीचं सांगायला हवं. पेट्रोलचा काटा मी चौथीत असताना पडला तो पडलाच. तेव्हापासून व्यंकटीकाका तुरीची एक वाळकी काडी सीटखाली ठेवतात. गाडी थांबली, मग ती कशासाठीही थांबो, की ते आधी टाकी उघडून तुराटी बुडवतात, ओली खूण बघतात आणि मान हलवतात. हे ते लग्नाच्या वरातीतसुद्धा करतात.

आणि विभूतीचं. आत्या दर सोमवारी आणि दर संकटानंतर जीपला विभूती लावते. आधी बोनेटला लावायची, पण एकदा बोट भाजलं. मग ती शोधत शोधत ड्रायव्हरच्या बाजूला टाकीच्या टोपणापाशी आली. गोल, थंड, अंगठ्याला बरोबर. "मान्साचं कपाळ वर आस्तं," ती म्हणाली, "हिचं बाजूला हाय. त्याला मी काय करू?" तळहातावर पाण्याचे तीन थेंब, त्यात विभूती कालवायची आणि तीन बोटांनी तीन पट्टे. दसऱ्यापासून जीपच्या अंगाला लागलेलं पाणी तेवढंच. पूर्वी व्यंकटीकाका तिला दर रविवारी नदीत उभी करून म्हशीसारखी घासायचे. यंदा नदीत नुसती वाळू होती, आणि घरात माणशी दोन घागरी मिळत होत्या तिथं जीपचा नंबर कसा लागणार?

शिरूरला अप्पांच्या ओळखीचे बसलिंगप्पा लातूरसाठी चढले. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. छत्री माझ्या मशीनवर टेकवून त्यांनी जीपची हकीकत ऐकून घेतली.

"महादेवप्पा, गाडीला कायबी झालेलं न्हाई. तिचं मन लागंना गेलंय."

"कुठं?"

"लातूर जिल्ह्यात. चोवीस वर्सं उस्मानाबाद जिल्ह्यात काढली तिनं. एक दिस एकाएकी सांगितलं, आजपासून तुझा जिल्हा लातूर. तिला कोनी इचारलं का?"

"मला बी कोनी इचारलं न्हाई," व्यंकटीकाका म्हणाले.

"तू मानूस हायस. तू सोसतूस."

"बसलिंगप्पा, गाडी जनावर हाय का? लोखंड हाय, त्याला जिल्हा काय अन् तालुका काय. मी तुम्हाला साधी गोष्ट इचारतो, जर का लोखंडाला—"

कागद २

दहा पन्नास. गाडी उभी. टाकी, सूं, तुराटी. पेट्रोल आहे. जवळ कुठले तरी गाव आहे. व्यंकटीकाका म्हणतात इंजिनाजवळचा पेट्रोलचा पंप तापतो, ओले फडके गुंडाळायला हवे. पाणी नाही. आत्याच्या डब्यात ताक आहे. आत्या देत नाही. अप्पा सांगतात देऊन टाक अक्का. आत्या देत नाही. फडके ताकात भिजवले.

कागद इथंच काढावा लागला, कारण मशीनवर कुणाची तरी घागर ठेवली गेली.

दुष्काळात रस्त्याच्या कडेला गाडी उभी दिसली की लोक समजतात टँकर आला. पहिली बाई आली, तिनं जीपच्या मागं घागर ठेवली. दुसरी आली, तिनं पहिलीच्या मागं. बघता बघता वीस-पंचवीस घागरी, चार हंडे आणि एक तेलाचा डबा अशी रांग शेताच्या बांधापर्यंत गेली.

"बाई, ही जीप हाय," अप्पा पहिल्या नंबरच्या बाईला म्हणाले. तिचं नाव चांगुणा. ते मला मागच्या बायांनी तिला दिलेल्या शिव्यांवरून कळलं.

"दिसून राहिली."

"हिच्यात पानी न्हाई."

"मग ते काय गुंडाळून राहिले?"

"ताक हाय."

रांगेत ही बातमी मागंपर्यंत गेली. मागून आवाज आला, ताक बी चालंल.

"तुमी उगंच थांबून राहिल्या," बसलिंगप्पा म्हणाले. "जावा घरी."

"मी कामून जाऊ? माझा पयला नंबर हाय," चांगुणा म्हणाली. "परवाचा टँकर आला तवा बी मी पयली होते. डायवर खालचा नळ सोडून राहिला अन् पानीच येईना. करंगळीवानी आलं अन् थांबलं. मी मनलं, बाबा, आदी वर चढ, झाकन उघड. वरचं झाकन उघडल्याबिगर खाली पानी येत न्हाई, एवढं बी कळंना त्याला."

"हे तुम्ही आम्हाला कामून सांगून राहिल्या?" बसलिंगप्पा म्हणाले.

"रांगेत दुसरं काय करावं मग?"

मी घागर बाजूला केली, तोच कागद परत घातला आणि ते सवयीनं टाइप केलं. चांगुणाबाई, टँकर, वरचे झाकण. बोटं गार पडू द्यायची नव्हती.

अकरा पस्तीसला जीप सुरू झाली. व्यंकटीकाका म्हणाले, ताक. अप्पा म्हणाले, आपोआप. आत्यानं टोपणाला विभूती लावली. चांगुणेनं आपली घागर उचलली नाही, रांग तशीच राहिली, गाडी तेवढी तिच्या पुढून निघून गेली.

"—जर का लोखंडाला मन आसतं," अप्पा म्हणाले, "तर माझ्या लोखंडाच्या दुकानातले खिळे रडले नसते का?"

यावर बसलिंगप्पा छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बसले. ते विचार करत होते, आणि ते फार वाईट निघालं.

कागद ३

बारा. चाकूरच्या अलीकडे. टाकी सूं तुराटी. ताक संपले. दोन तास उरले.

"आता तरी ऐका," बसलिंगप्पा म्हणाले. "मी सांगतो ते एकदा करून बघा. तिचं तोंड उस्मानाबादकडं करा."

"उस्मानाबाद ह्याच रस्त्यानं हाय," व्यंकटीकाका म्हणाले. "लातूरच्या पल्याड."

बसलिंगप्पांनी छत्री उघडली, मिटली. "मग सोपं हाय. तिला लातूर मधी लागतं ते सांगू नका."

"आन् काय सांगू?"

"उस्मानाबादला चाललो म्हना. मोठ्यानं. समदे."

मला वाटलं अप्पा चिडतील. पण बारा वाजले होते, ऊन डोक्यावर होतं, आणि आपल्या एकुलत्या एक मुलीची परीक्षा आपल्याच जीपमुळं बुडणार हे त्यांना दिसायला लागलं होतं. अशा वेळी माणूस काहीही करतो. अप्पा बोनेटजवळ गेले, घसा खाकरला आणि म्हणाले, "चला मग, उस्मानाबादला."

"मोठ्यानं, महादेवप्पा."

"चला उस्मानाबादला!"

"चला उस्मानाबादला!" आत्यानं साथ दिली. तिला मजा वाटत होती.

व्यंकटीकाकांनी हँडल मारलं. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली.

बसलिंगप्पांच्या तोंडावर जे पसरलं ते मी आजवर फक्त निवडून आलेल्या माणसांच्या तोंडावर पाहिलं आहे. आत्यानं विभूती लावली. बारा पस्तीसला निघालो, आणि पुढचा तुकडा आम्ही मोठमोठ्यानं उस्मानाबादच्या गप्पा मारत कापला. उस्मानाबादचं हवामान. उस्मानाबादची शेळी. अप्पांचे तिथले वकील, जे वारले. मैलाच्या दगडावर 'लातूर' दिसलं की बसलिंगप्पा छत्री आडवी धरायचे. जीपला दिसू नये म्हणून. एका पाटीवर जुन्या जिल्ह्याच्या नावावर नवं नाव रंगवलं होतं आणि खालचं नाव अजून दिसत होतं, ती पाटी मात्र त्यांनी जीपला पाहू दिली.

"पोरी," आत्या माझ्या कानात म्हणाली, "तुजी परीक्षा नेमकी कुठं हाय म्हनलीस?"

"बोलू नको आत्या."

"आगं पन सांग की, लातूरला ना—"

कागद नाही.

या खेपेला मी टाइप केलं नाही. एक वाजून गेला होता. आष्टामोड जवळ होता, लातूर अजून वीस किलोमीटर. समोरून एसटी धूळ उडवत गेली. तिच्यात उभी माणसं होती आणि कुणाच्याही मांडीवर मशीन नव्हतं. अप्पा आत्याला बोलत होते, बसलिंगप्पा आत्याला बोलत होते, आत्या दोघांनाही बोलत होती आणि शिवाय ताकाचं वेगळं बोलत होती.

मला रडू यायला लागलं होतं. ते दिसू नये म्हणून मी टाइप केलेले कागद तोंडापुढं धरले. तोंडापुढं असेल ते माणूस वाचतो, मग मी वाचलं.

प्लगनं गाडी सुरू झाली. लिंबानं झाली. ताकानं झाली. उस्मानाबादनं झाली. म्हणजे ही गाडी कशानंही बरी होत होती. असा रोगी मी कधी पाहिला नव्हता. मग मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. लिंबू एकाच कागदात होतं. ताक एकाच कागदात. टाकी, सूं, तुराटी मात्र प्रत्येक कागदात होती. आणि दुसऱ्या कागदाच्या तळाशी, घागरीच्या ओल्या गोल डागात: चांगुणाबाई, टँकर, वरचे झाकण.

व्यंकटीकाका तुराटी घेऊन टाकीकडं निघाले होते.

"काका, थांबा! टाकी उघडू नका!"

मी चौदा किलो मांडीवर घेऊन ओरडले. व्यंकटीकाका तुराटी हातात धरून तिथंच थांबले.

"आधी बाकीचं सगळं करा. टाकी सोडून."

"काय सगळं?"

"प्लग पुसा. लिंबू ओवाळा. उस्मानाबाद म्हणा. सगळं."

केलं. माझा आवाज तसा होता. प्लग पुसले, लिंबू ओवाळलं, ताक नव्हतं म्हणून व्यंकटीकाकांनी ताकाचा रिकामा डबा पंपाला दाखवला. अप्पा आणि बसलिंगप्पा मिळून ओरडले. हँडल मारलं. नाही. पुन्हा. नाही. बसलिंगप्पा एकटेच ओरडले, त्यांचा आवाज चिरकला. हँडल. जीपनं एक उचकी दिली आणि गप्प.

"आता कुणी काही करू नका. फक्त टोपण काढा."

व्यंकटीकाकांनी टोपण फिरवलं. सूं... लांबलचक. इतका वेळ तो आवाज आम्ही ऐकत होतो आणि कुणी ऐकला नव्हता.

"हँडल मारा."

अर्ध्या हँडलात जीप सुरू झाली.

"हवा," मी म्हणाले. "आत हवा जात नाही. पेट्रोल खाली येतं तेवढी वरून हवा जायला पाहिजे, नाहीतर येत नाही. टँकरचं झाकण. चांगुणाबाई सांगत होती."

"पन टोपनाला भोक आस्तं," व्यंकटीकाका हळूहळू म्हणाले. "बारीक. हवेसाठीच. रयवारी घासायचो तवा दिसायचं..." त्यांनी टोपण उलटं केलं, सुलटं केलं. सुलटं ते टोपण नव्हतंच. पांढरीशुभ्र, बोटभर जाड, गुळगुळीत विभूतीची वडी होती. तिच्यावर मघाचे तीन पट्टे अजून ओलसर होते.

मग सगळ्यांनी आत्याकडं पाहिलं. तिच्या तळहातावर पुढची विभूती कालवून तयार होती.

"म्हंजे मी," आत्या म्हणाली. "म्हंजे दिवाळीपासून मी."

"अक्का, तसं न्हाई—"

"तू गप. नांदेडच्या तीन खेपा माझ्यामुळं. पोरीची परीक्षा बी माझ्यामुळं बुडाया निघाली."

"आत्या, तू आधीही लावायचीस," मी म्हणाले. "काका रविवारी धुऊन काढायचे. यंदा धुतली नाही. पाण्यानं केलं हे, तू नाही."

 तिनं अंबाड्यातला आकडा काढला, टोपण हातात घेतलं आणि खरवडायला बसली. थर निघायला लागले, एकावर एक.

"ही गेल्या सोमवारची. ही शिवरात्र. ही तू टायपिंगची पास झालीस तवाची, जरा जाड लागली, खुशीत होते. ही महादेवच्या दाढदुखीची..."

"माझ्या दाढेची गाडीला कामून?" अप्पांनी विचारलं.

"तू जवळ न्हवतास. गाडी होती."

संक्रांत गेली, दिवाळी गेली, आणि तिच्या खाली एक ठिपका दिसला. आत्यानं त्यात आकड्याचं टोक घातलं, फिरवलं, टोपण डोळ्याला लावलं आणि त्यातून माझ्याकडं पाहिलं.

"दिसतीस," ती म्हणाली.

एक बावीस. जीप निघाली. कुणी उस्मानाबादचं नाव काढलं नाही, फक्त बसलिंगप्पा अधूनमधून सवयीनं पुटपुटत होते. पाच किलोमीटर गेले, दहा गेले. चढ आला. अप्पांनी डोळे मिटले. व्यंकटीकाकांनी पाय दाबला आणि जीप चढाला लागली, माथ्यावर गेली, आणि मी हे वाक्य मध्येच न तुटता इथं शेवटापर्यंत लिहू शकते आहे ते त्यामुळंच.

एक त्रेपन्नला आम्ही लातूरला त्या शाळेच्या दारात होतो जिथं परीक्षा होती. बसलिंगप्पा उतरले आणि म्हणाले, बघा, शेवटी मन लागलं तिचं. आत्यानं आपला आकडा माझ्या केसांत खोचला. अप्पांनी आणि व्यंकटीकाकांनी मशीन आत नेऊन बाकावर ठेवलं.

एक सत्तावन्न. मी कागद घातला, एक कळ दाबून पाहिली. कागद धरणारा वरचा गाडा सरकेना.

पुन्हा दाबली. अक्षर उमटलं, गाडा तिथंच. दुसरं अक्षर पहिल्याच्या डोक्यावर बसलं.  मशीन खराब झालं, सरांना काय सांगू, तंबाखूवाले, शिंका, सगळं एकदम आलं. मग मी हात मागं घेतले आणि स्वतःला विचारलं: आज याला कुणी प्रेमानं हात लावला?

खाली वाकून पाहिलं. ज्या पट्टीवरून गाडा सरकतो त्या पट्टीवर तीन पांढरे पट्टे. आत्याच्या तळहातावर कालवलेली होती ती. गाडीला लावायची नव्हती. वाया कशी घालवायची?

मी केसांतला आकडा काढला.

"काय झालं?" परीक्षक माझ्या बाकापाशी थांबले.

"काही नाही साहेब. विभूती."

त्यांना काहीच वाटलं नाही. "लवकर करा," ते म्हणाले आणि पुढच्या बाकाकडं गेले. तिथल्या मुलाच्या मशीनला मिरची-लिंबू बांधलं होतं आणि मिरची कळांमध्ये अडकली होती.

एक एकोणसाठ. पट्टी खरवडली, फुंकली, पदरानं पुसली. गाडा सरकला, टोकाला गेला, घंटी वाजली.

"सुरू करा," परीक्षक म्हणाले.

कागद ४

लातूर. सोमवार, सकाळी दहा पंधरा. नोकरीचा पहिला दिवस. मशीन सरकारी आहे. बोटे गार पडू नयेत म्हणून टाइप करीत आहे. जीपने सोडले, वाटेत एकदाही दम टाकला नाही. तरी व्यंकटीकाकांनी तीनदा थांबवून तुराटी बुडवली. उदगीरला दोन वर्षे थांबा असे कळवले आहे. अप्पा म्हणतात त्यांचे उत्तर आले, उत्तरात शिंकांचे पुन्हा विचारले आहे. आत्या आत येऊन गेली. मशीनला हात लावू दिला नाही. टेबलाला तीन पट्टे आहेत. टेबलाला भोक नाही, मी तपासले.